गळाचा दोरा

सरांनी अँटेना दोन्ही हातांनी उचलली आणि गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. झाडूच्या दांड्याला ॲल्युमिनियमच्या सळ्या ठोकलेलं ते धूड त्यांनी आदल्या दुपारी स्वतःच तयार केलं होतं. उजाडायला अजून अवकाश होता. मफलर कानांवरून मागे सारत ते म्हणाले,

"कुठून उगवणार तुझा मुका?"

"त्या पाण्याच्या टाकीमागून. सर, तुम्ही बसा ना. मी धरते."

"ऐंशी झाली म्हणून खुर्चीला बांधतेस की काय? तू रिसीव्हर सांभाळ, हेडबाई."

ती विभागप्रमुख झाली त्या दिवसापासून ते तिला हेडबाई म्हणत. त्याआधी ती नुसती 'अगं' होती.

मुका म्हणजे तिने सरांच्या हाताखाली पीएच.डी. करताना बनवलेला उपग्रह, बुटाच्या खोक्याएवढा. त्यातला ट्रान्समीटर तिचा, अँटेना सरांची. अँटेनाच्या पट्ट्या दुमडून मासे धरायच्या गळाच्या दोऱ्याने बांधायच्या आणि वर गेल्यावर तापलेल्या तारेने तो दोरा जाळायचा, ही सरांची युक्ती. रॉकेटने आपलं काम चोख केलं, पण उपग्रहाने तोंड उघडलं नाही. चौकशी समिती बसली. ट्रान्समीटर टेबलावर घड्याळासारखा चालला होता, तेव्हा दोरा जळलाच नाही असं ठरलं आणि खापर सरांवर फुटलं. सरांनी नुसती मान डोलावली. पुढे कॉलेजात त्यांना 'दोरेवाले सर' म्हणू लागले आणि कोणी दुसरा उपग्रह काही त्यांच्या हाती दिला नाही. तिचं मात्र त्या ट्रान्समीटरवरच नाव झालं. त्यावर शोधनिबंध आले, नोकरी आली, विद्यार्थी आले, शेवटी खुर्चीही आली.

आणि गेल्या आठवड्यात कुठल्याशा हौशी रेडिओवाल्याने एक अनोळखी शिट्टी पकडली. फ्रीक्वेन्सी वाचून तिचा चहा तसाच गार झाला. अँटेना दुमडलेली असती तर ती शिट्टी जमिनीपर्यंत पोचलीच नसती. म्हणजे दोरा जळला होता. हेच सांगायला ती आली होती, पण जिना चढताना तिने ठरवलं की आधी ऐकवायचं, मग बोलायचं.

लॅपटॉपवरचा ठिपका टाकीच्या दिशेने वर आला. तो अजून पृथ्वीच्या सावलीत होता. मग सावलीची रेघ ओलांडून उन्हात गेला. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. सरांचे हात भरून आले, तरी अँटेना हलली नाही. ठिपका पार डोक्यावर आला आणि त्या खरखरीतून एक बारीक शिट्टी वर निघाली.

विजेरीच्या दिव्याइतकीही ताकद नसलेला तो तुकडा तिने स्वतःच्या हाताने डाख देऊन जोडला होता. इतकी वर्षं ऊन आणि गारठा सोसत, गटांगळ्या खात तो फिरत राहिला होता, आणि आज बोलत होता. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

मग तिची नजर पुन्हा सावलीच्या रेघेवर गेली. ऊन लागल्यावर तो लगेच का बोलला नाही? उत्तर तिला पाठ होतं, कारण सर्किट तिचं होतं. गारठ्यात त्याचा ऑसिलेटर, म्हणजे लहरी निर्माण करणारा भाग, जागा होत नव्हता. वर सोडला त्या वेळी ट्रान्समीटर सुरू होण्याचा हुकूम एकदाच सुटणार होता, आणि तोही सावलीत. आता बॅटरी मेली होती, वीज फक्त सौरपट्ट्यांतून येत होती, म्हणून गटांगळ्या खाताना पट्ट्यांवर ऊन आलं की तो दर वेळी नव्याने जन्मत होता आणि अंग तापेपर्यंत हुकूम पुन्हा पुन्हा सुटत होता. टेबलावर तो चालला, कारण खोली उबदार होती. एवढी साधी चाचणी तिने घेतली नव्हती.

"आला का?" सरांनी विचारलं. "मला काहीच ऐकू येत नाही."

बारीक आवाज आता त्यांच्या कानांना लागत नसत. तिने आवाज वाढवला नाही. रिसीव्हरचं बटण हळूहळू फिरवत तिने शिट्टी खाली खाली उतरवली, जाड केली. सरांची मान एकदम वर झाली.

ते आभाळाकडे बघत उभे होते.

"सर," ती म्हणाली, "दोरा जळला होता. चूक माझ्या..."

"उशिरा उठतो," सर म्हणाले. "थंडी सोसत नाही त्याला. मला वाटलंच होतं."

तिचा हात बटणावरच राहिला.

"कधी वाटलं होतं?"

"समितीपुढे बसलो होतो तेव्हा." त्यांनी अँटेना जरा उजवीकडे वळवली. "बरणीतली हवा काढून मी टोपलीभर दोरे जाळून पाहिले होते. एकही अडकला नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी सुरुवात होती गं. माझं निम्मं झालं होतं."

शिट्टी उतरत चालली होती. ठिपका समोरच्या इमारतींकडे कलला.

"मी हे सगळं लिहिणार आहे, सर. जसं घडलं तसं."

"लिही की. पण पहिल्या ओळीत तो बोलला असं लिही, चूक कोणाची हे भांडण मागून." मग ते जरा हळू म्हणाले, "आता गप्प बस आणि आणखी थोडा जाड कर. तो जाईपर्यंत मला ऐकायचंय."

तिने बटण फिरवलं आणि उठून त्यांच्या हातांखाली आपले हात लावले.