चुन्याच्या पाण्यातली कावीळ

लीलाधर महाराजांच्या ओट्यापुढची रांग थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. अमळनेरजवळच्या त्या गावात घरटी एक तरी माणूस काविळीने आडवा झाला होता. महाराज रोग्याच्या तळहातांना कसलासा रस चोळत, मंत्र पुटपुटत आणि हात परातीतल्या पांढऱ्या पाण्यात बुडवायला लावत. पाणी पिवळंधमक होई. "दखा, बठ्ठी कावीळ उतरी गई," म्हणजे सगळी कावीळ उतरली, एवढं ऐकलं की रोगी दवाखान्याकडे फिरकायचाच नाही.

रांगेत सात महिन्यांची गरोदर रुखसार दिसली आणि गावच्या आरोग्य उपकेंद्रातली डॉ. ज्योती पुढे झाली. दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ गरोदरपणात जीव घेऊ शकते. नुकतीच गावातली एक लेक तशीच गेली होती. तेव्हा ज्योती ओट्यावर येऊन एकटीच भांडली होती. लोक उलट तिच्यावरच चिडले आणि उपकेंद्र ओस पडलं.

या वेळी ती एकटी नव्हती. सरपंच सुंदरबाई, मशिदीचे इमाम नूर महंमद आणि किराणावाले इंदरचंद यांना एकत्र बसवून तिने कामं वाटून दिली होती. सुंदरबाईंनी गटारीतून जाणारी पाण्याची पाइपलाइन उकरायची, नूर महंमदांनी घरोघरी पाणी उकळायला सांगायचं, इंदरचंदांनी धुळ्याला जायला गाडी तयार ठेवायची. आणि ओट्यावर सगळ्यांनी मिळून यायचं.

ठणठणीत इंदरचंदांनी आधी आपले हात पुढे केले. महाराजांनी रस चोळून ते परातीत बुडवायला लावले. पाणी पिवळं झालं.

"लपलेली कावीळ होती," महाराज म्हणाले.

"मग दिसणारी उतरवू या," ज्योती म्हणाली. "रस न लावता."

रुखसारची सासू अमिनाबी सुनेचा हात सोडेना. नूर महंमदांनी हळू आवाजात समजावलं, तेव्हा कुठे तिची पकड सुटली. डोळे हळदीसारखे झालेल्या रुखसारने साबणाने धुतलेले हात ताज्या चुन्याच्या पाण्यात बुडवले. पाणी पांढरंच राहिलं.

मग ज्योतीने महाराजांची बाटली उचलून तो रस परातीत ओतला. कुणाचाही हात न लागता पाणी पिवळं झालं. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चुन्यात मिसळला की असंच होतं, तिने सांगितलं.

अमिनाबीने एवढंच विचारलं, "बाई, गाडी कुठं उभी आहे?"

रुखसार धुळ्याच्या दवाखान्यात वाचली, तिचं बाळही वाचलं. गटारीत फुटलेला पाइप सापडला आणि तो बदलल्यावर काही आठवड्यांत नवे रोगी येणं थांबलं.

कावीळ हातांतून उतरत नाही. पाणी उकळून प्या, डोळे पिवळे दिसले की दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तोच धडधाकट माणसावर करून दाखवायला सांगा.