एक्सेलमधली बंदूक
शिकारीसाठी तोंडातून दारू ठासायची बंदूक घेतली आणि कॅनडातल्या माझ्यासारख्या अतिशहाण्या इंजिनिअरने तीन महिने एक्सेल शीट भरली. कोणती दारू ओल धरत नाही, कोणती गोळी सरळ जाते, ठिणगी पाडणारा कोणता प्रायमर थंडीत पेटतो. वसईचा दोस्त गॅविन दुकानदार देईल ते घेतो, म्हणून त्याला हसलोही.

हरीण तीस पावलांवर आलं. मी चाप ओढला. प्रायमर टुक् वाजला, बस्स. हरीण माझ्याकडे बघून निवांत चरू लागलं.

थोडं थांबून शेजारी बसलेल्या गॅविनने बंदुकीचं मागचं बूच फिरवून काढलं आणि ठिणगीच्या वाटेत अडकलेला तांदळाचा लाल दाणा टोकरून माझ्या तळहातावर ठेवला. दसऱ्याला तोंड वर करून उभ्या ठेवलेल्या बंदुकीवर मूठभर अक्षता मीच वाहिल्या होत्या.

शीटच्या शेवटच्या ओळीत हिरव्या रंगात लिहिलंय: ‘शस्त्रपूजा, डन.’