दोन मिनिटांची पाटी

टिलेटने एका अनोळखी म्हाताऱ्या बाईंची पेटी उचलून घेतली तेव्हा त्या जिन्याच्या चव्वेचाळीसपैकी एकोणिसाव्या पायरीवर बसल्या होत्या आणि वर साउथॅम्प्टन बंदराला जाणाऱ्या गाडीची घंटा वाजत होती.

"उठा बाई, अजून गाठता येईल."

"उठते हो. पाय नेमके आजच रुसलेत."

भुयारी रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनातून वरच्या मोठ्या स्टेशनात नेणारी ही वाट रेल्वे कंपनीत मोजणीदार असलेल्या टिलेटनेच आखली होती. अडतीस पायऱ्या खाली, मग धुराने काळवंडलेला बोगदा, मग चव्वेचाळीस पायऱ्या वर. सपाट वाट निघाली असती, पण मध्ये सांडपाण्याचा नळ आडवा येत होता आणि तो हलवायला वर्ष गेले असते. लोकांना किती वेळ लागेल तेवढे सांगा, संचालक म्हणाले होते.

कचेरीची रीत अशी, की नकाशा ज्याचा त्यानेच घड्याळ घेऊन वाट चालायची. टिलेट तिशीचा, सडाफटिंग, हातात छत्रीसुद्धा नाही. सकाळी सात वाजता, रिकाम्या जिन्यावर एका ढांगेत दोन-दोन पायऱ्या घेत तो चढला. दोन मिनिटे. मागून मोजणीची साखळी धरणारा म्हातारा गॅरड हत्यारांची पिशवी घेऊन आला. त्याला साडेसहा लागली. त्या आकड्यावर टिलेटने रेघ मारली.

"गॅरड, तुमचा गुडघा म्हणजे काही कंपनीचं माप नाही," तो म्हणाला होता. सगळे हसले होते. गॅरडही हसला होता. दोन मिनिटांवर वाट मंजूर झाली आणि भिंतीवर तशी पाटी लागली. उद्घाटनाला तीन आठवडे झाले तरी टिलेट रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत आपली करामत बघायला येत असे.

ते वर पोचले तेव्हा शेवटचा डबा फलाट सोडत होता.  बाईंनी टोपीची फीत सोडली आणि पुन्हा बांधली.

"पुढची गाडी चारला आहे," टिलेट म्हणाला.

"जहाज चारच्या आत सुटतं. भाऊ निघालाय, ऑस्ट्रेलियाला. त्रेसष्ट वर्षांचा आहे, आता कसला परत येतोय! धक्क्यावर उभा राहून वाट बघत असेल वेडा."

टिलेटच्या हातात अजून पेटी होती. ती खाली ठेवायचेही त्याला सुचेना.

"चूक माझीच," बाई म्हणाल्या. "पाटीवर दोन मिनिटं लिहिलंय, म्हणून मी खाली चहा पीत बसले. दहा मिनिटं हातात होती ना! बाकीची माणसं दोन मिनिटांत जात असतील. मी एवढी थकलेय हे मलाच कळलं नाही. साहेब, एक कराल? इथं कुणाला सांगू नका हं. लाज वाटते."

टिलेटचे कान तापले. त्याने इकडेतिकडे पाहिले. ऐकायला कोणी नव्हते, तरी त्याने आवाज खाली आणला.

"बाई, ती पाटी चुकीची आहे. साडेसहा मिनिटं लागतात. आम्हाला ठाऊक होतं. पाटीवरचा आकडा मीच दिला होता."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. मग त्याच्या बाहीवर दोनदा हलकेच थोपटले.

"म्हातारीची समजूत काढताय होय! चांगल्या घरचे दिसता. आजकाल कोण कुणासाठी खोटं बोलतं?"

"मी खरं सांगतोय."

"बरं, बरं." त्यांनी पेटी त्याच्याकडून घेऊन बाकावर ठेवली, उघडली, फडक्यात बांधलेला शहाजिऱ्याचा केक काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "भावासाठी पहाटे भाजला होता. आता तुम्हीच खा. एवढी जड पेटी वाहिलीत माझी. खा, माझ्यासमोर खा, म्हणजे मला बरं वाटेल."

आणि टिलेटने तो खाल्ला.