हाताचा गुण

मोठ्या पाळकांच्या हाताला गुण आहे, ही गोष्ट त्या चर्चमध्ये बायबलच्या खालोखाल मानली जायची. बाप्तिस्मा देताना ते बाळाच्या कपाळावर पाणी सोडायचे आणि बाळ रडायचं नाही. काही तर हसायची. एक बाळ चक्क घोरत राहिलं असंही सांगतात, पण सांगणारी त्याची आजी होती, तेव्हा ते सोडून द्या. लांबलांबची माणसं आपलं चर्च सोडून इथे बाळं घेऊन यायची, आणि चर्चचे सेक्रेटरी दारात उभे राहून त्यांचं स्वागत करायचे. त्यांचा तोरा असा, की हा गुण जणू त्यांनीच ठराव मांडून मंजूर करून घेतला होता.

या गुणामागे खरी दोघं होती, किल्लेदार आणि त्यांची बायको. किल्लेदार म्हणजे चर्चचे रखवालदार. कमरेला कायम किल्ल्यांचा जुडगा, म्हणून हे नाव. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड भरायचं, ही त्यांची कामं. त्यांच्या थोरल्या मुलीचा बाप्तिस्मा ऐन थंडीत झाला होता. कुंडातलं गारठलेलं पाणी टाळूवर पडलं आणि पोरगी निळी पडेस्तोवर रडली. चर्चच्या मागच्याच अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथे पोचताच बायको म्हणाली, "चर्चची किल्ली तुमच्याकडे. घरात शेगडी, शेगडीवर किटली. डोकं तेवढं कुठे ठेवलंय?"

पुढच्या बाप्तिस्म्याला किल्लेदारांनी चहाची किटली कोटाखाली लपवून नेली, कुंडात ओतली आणि कोपर बुडवून पाहिलं. पाणी छान कोमट झालं होतं. त्या बाळाने हूं की चूं केलं नाही. बस, एवढाच तो गुण. आधी सांगायला लाज वाटली. मग पाळकांचं नाव झालं, आणि मग सांगायची सोयच उरली नाही. असं करता करता एकतीस वर्षं गेली.

मोठे पाळक निवृत्त झाले आणि नवे आले. तरुण, चष्मेवाले, आणि नम्र तर इतके की समोरच्याला अवघडल्यासारखं व्हावं. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "काका, तुमचं वय झालं. कुंड यापुढे मी भरत जाईन. सेवकाने सेवा करावी."

ते पहाटे उठून स्वतः कुंड भरायचे, वर झाकण ठेवायचे आणि उपासना सुरू होईपर्यंत शेजारी गुडघे टेकून प्रार्थना करायचे. किटली सरकवायला फट म्हणून नाही. किल्लेदारांनी दोनदा खोकून पाहिलं. पाळकांनी डोळे न उघडता त्यांच्या खोकल्यासाठीही प्रार्थना केली.

पहिल्या बाळाने चर्च डोक्यावर घेतलं. किल्लेदारांना, खोटं कशाला बोला, थोडं बरंच वाटलं. आपलं काम काढून घेतलं की काय होतं ते कळू दे एकदा. दुसरं बाळ त्याहून मोठ्याने रडलं. तिसऱ्याने पाळकांच्या हातातलं पुस्तक लाथ मारून कुंडात पाडलं. बाकांवर कुजबुज सुरू झाली. यांच्या हाताला गुण नाही, मनातच काहीतरी खोट असणार, लेकरांना कळतं. आता किल्लेदारांना बरं वाटेना. तोवर सेक्रेटरींनी जाहीर करून टाकलं, की आपल्या नातीचा बाप्तिस्मा मोठे पाळकच देतील. त्यांना बोलावणं धाडलंय आणि ते रविवारी येतायत.

शनिवारी नव्या पाळकांनी किल्लेदारांच्या हातात एक जाडजूड लिफाफा ठेवला. वर बिशपांचं नाव होतं.

"टपालात टाका काका. बदली मागितलीय."

"साहेब, का पण?"

"तीन लेकरं. माझा हात लागला की रडतात. सगळी खोटं कशी बोलतील?" त्यांनी चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

किल्लेदार लिफाफा खिशात घालून टपालपेटीपर्यंत गेले आणि तसेच परत आले. बायकोने ऐकून घेतलं.

"मग सांगा की."

"सांगितलं तर मोठ्या पाळकांची अब्रू जाते. एकतीस वर्षांची."

"नाही सांगितलं तर या पोराची जाते. याची तर अजून जमायचीय."

उद्या किटली न्यावी, तर मोठ्यांचा जयजयकार होणार आणि नवे कायमचे बाद. न न्यावी, तर म्हाताऱ्याचं भर चर्चमध्ये हसं होणार.

रविवारी पहिली घंटा दिल्यावर ते पाळकांच्या खोलीत गेले. मोठे पाळक एकटेच आरशासमोर झग्याच्या गुंड्या लावत होते. किल्लेदारांनी खाली मान घालून एका दमात सगळं सांगून टाकलं. किटली, कोट, कोपर, एकतीस वर्षं.

"अरे," मोठे पाळक म्हणाले, "त्या पाण्यात बाळाआधी हात कुणाचा जायचा?"

किल्लेदारांनी वर पाहिलं. हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"पहिल्यांदा मला चमत्कारच वाटला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पाण्यावर चहाची पत्ती तरंगत होती." म्हातारे स्टुलावर बसले. "पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत राहिलो. तारीफ गोड लागते रे. नम्रतेवर प्रवचनं दिली मी, आणि हा हात मिरवत फिरलो." मग त्यांनी विचारलं, "त्या पोराचं काय झालंय?"

किल्लेदारांनी लिफाफा काढून दाखवला. मोठ्या पाळकांनी त्यावरचं बिशपांचं नाव वाचलं आणि काय ते ओळखलं.

"जा, किटली ठेव शेगडीवर. आज कोटाखालून नाही आणायची. मधल्या वाटेने आण."

दुसरं गीत संपत आलं तेव्हा किल्लेदार घरातून निघाले. घाईत फडकं राहिलं. किटलीच्या दांड्याची लाकडी मूठ तर कधीचीच गळून पडलेली. दारातच चटका बसला. खिशात हाताला लागेल ते काढून त्यांनी दांड्याभोवती गुंडाळलं आणि ते बाकांच्या मधून चालू लागले. किटलीच्या तोटीतून वाफ निघत होती. लोक गाता गाता थांबत गेले. शेवटची ओळ एकट्या सेक्रेटरींनीच म्हटली.

मोठे पाळक कुंडापाशी उभे होते. "पाणी ऊन असायचं," ते म्हणाले. "हे किल्लेदार किटलीने आणायचे आणि मला ते माहीत होतं. तुम्ही हाताची तारीफ करत होता आणि मी हात पुढे करत होतो. देव मला क्षमा करो, तुम्हीही करा. आज बाप्तिस्मा तुमचे पाळक देतील. मी टॉवेल धरतो."

किल्लेदारांनी किटली ओतली आणि सवयीने बाही सरसावून कोपर बुडवलं. नव्या पाळकांची नजर मात्र किटलीच्या दांड्यावर खिळली होती. तिथे चुरगळलेल्या लिफाफ्यावर त्यांचंच अक्षर होतं.

त्यांनी बाळ घेतलं. पाणी पडलं. बाळाने नाकावर ओघळलेला थेंब चाटला आणि चष्म्याकडे हात नेला. सेक्रेटरींनी मोठ्याने नाक शिंकरलं. मग आशीर्वादासाठी मोठ्या पाळकांनी बाळाला कुशीत घेतलं, आणि ते असं काही रडलं की खिडक्यांच्या काचा थरारल्या. आधी हसले ते मोठे पाळकच. मग अख्खं चर्च हसलं.

उपासनेनंतर किल्लेदार कुंड पुसत होते. नवे पाळक जवळ आले. त्यांच्या हातात तो लिफाफा होता, ओला आणि काळपटलेला.

"काका, हे टपालात टाकायला दिलं होतं."

"हात भाजत होता, साहेब."

पाळकांनी लिफाफ्याची घडी घातली आणि किटलीच्या दांड्याला नीट गुंडाळली.

"पुढच्या रविवारी जुळं आहे," ते म्हणाले. "एक किटली पुरेल ना?"