दोन प्रवासी कमी

विमानतळावर माझं काम दारावरचं. प्रवासी बसतात त्या हॉलमधून विमानाकडे जो बोगदा जातो, त्याच्या तोंडाशी उभं राहायचं, एकेकाचा बोर्डिंग पास यंत्राखाली धरायचा, आणि वेळ झाली की दार लावून घ्यायचं. एकोणीस वर्षं हेच करते आहे. इतक्या वर्षांत कितीतरी जणांच्या तोंडावर दार लावलं. लोक भांडतात, बोट नाचवतात, तुमची तक्रार करतो म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांचे चेहरेही आठवत नाहीत. त्या दोघांचे मात्र आठवतात.

विमान पावणेअकराचं होतं आणि ते साडेआठलाच येऊन बसले होते. आजी पुढे, आजोबा मागे, आणि आजोबांच्या शर्टाची बाही आजींच्या मुठीत घट्ट धरलेली. दोघंही विमानात पहिल्यांदाच बसणार होते. हॉल रिकामा होता, मी माझ्या टेबलावर कागद लावत होते, तेव्हा आजी जवळ आल्या आणि हेच दार ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा येऊन तेच विचारलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनाच हसू आलं. म्हणाल्या, एक माणूस विसरणारा आहे म्हणून दुसऱ्याला सगळं तीनतीनदा विचारून ठेवावं लागतं.

मग उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. आजोबांनी चाळीस वर्षं पुस्तकबांधणीचं काम केलं होतं. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडायला लागला होता. आधी चष्मा, मग गल्ली, मग माणसं. एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. सव्वा वर्ष घरी आला नव्हता आणि पुढचे आठ महिने येणार नव्हता. पण त्या दिवशी त्याचं जहाज दोन तासांच्या विमानप्रवासावरच्या एका बंदराला लागलं होतं आणि संध्याकाळी सहाला सुटणार होतं. मुलाला चार वाजेपर्यंत बंदराबाहेर यायची परवानगी होती. तिकिटं त्यानंच काढून पाठवली होती.

"अजून ओळखतात त्याला," आजी हळूच म्हणाल्या. "मला कधी कधी ताई म्हणतात. पण त्याचं नाव घेतलं की चेहरा बदलतो बघा. ही ओळख आहे तोवर एकदा भेट व्हावी."

आजोबा इतका वेळ माझ्या टेबलावरच्या जाड रजिस्टरच्या पाठीवरून अंगठा फिरवत होते. शिवण कच्ची आहे, वर्षभरात पानं गळायला लागतील, असं त्यांनी मला बजावलं. सामान देण्याच्या खिडकीवर त्यांना चाकांची खुर्ची आणि सोबत माणूस देऊ केला होता, पण मी काय पांगळा आहे का म्हणून त्यांनी तो परत पाठवला होता. तो माणूस सोबत असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे मी नंतर किती वेळा मनात म्हटलं असेल.

मी आजींना म्हटलं, "इथंच बसा, समोर. वेळ झाली की मी स्वतः हाक मारते."

हे वाक्य माझं. ते मी बोलले होते.

पावणेदहानंतर माझ्यामागे काम लागलं. आमची कंपनी विमानात जागा असतात त्याहून चार-पाच तिकिटं जास्तच विकते. रोज काही जण येतच नाहीत. कुणाचा बेत बदलतो, कुणी वाटेत अडकतो, कुणी उशिरा उठतो. न येणाऱ्यांचा हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो आणि विमान भरून जातं. त्या दिवशी मात्र सगळेच्या सगळे आले. शेवटी आलेल्या दोघांना जागा उरली नाही. दोघं सख्खे भाऊ, गवंडीकाम करणारे. तिकडे नव्या कामावर त्याच दिवशी हजर व्हायचं होतं, नाहीतर मुकादम दुसरी माणसं घेणार होता. थोरला माझ्याशी बोलत होता आणि धाकटा नुसता हातातल्या तिकिटाकडे बघत होता. पैसे भरलेत, वेळेत आलोय, मग जागा कशी नाही, असं थोरला विचारत होता. बाजूला थांबा, कुणी आलं नाही तर बघते, एवढंच म्हणाले.

दहा वाजता रांग सोडली. माझ्या हाताखाली काम करणारी तरुण मुलगी, तिला आम्ही चिमणी म्हणतो, पास तपासत होती आणि मी गवंड्यांच्या जागेसाठी फोनवर होते. दहा-वीसला रांग संपली. यंत्रावर दोन प्रवासी कमी दिसले. मी मान वर करून समोर बघितलं. दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

नावं पुकारली. एकदा, दोनदा, तीनदा. चिमणीला मी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं, चहाच्या दुकानात बघायला सांगितलं. नियम असा, की माणूस चढला नाही तर त्याची बॅगही विमानात राहता कामा नये. त्यामुळे खाली सामान चढवणाऱ्यांना बॅग शोधून काढायला सांगावं लागलं. मी कॅप्टनला फोन लावून पाच मिनिटं मागितली. म्हटलं, म्हातारी माणसं आहेत, इथंच कुठेतरी आहेत, मी स्वतः पाहिलंय त्यांना. तो भला माणूस होता. पण आपली सुटायची वेळ गेली तर पुढची चाळीस मिनिटांनी मिळेल आणि आत एकशे ऐंशी माणसं बसलीत, असं म्हणाला. दोन मिनिटं दिली.

दोन मिनिटांची मी चार केली. मग गवंड्यांना बोलावलं. जागा मिळाली म्हटल्यावर धाकट्याने माझे हात हातात घेतले आणि दोघं बोगद्यातून अक्षरशः धावत गेले. दहा-तेहतीसला मी दार लावलं. विमानाचं दारही लागल्याचा फोन आला.

दहा-सदतीसला आजी आल्या. आजोबांच्या कमरेभोवती हात घालून त्यांना जवळजवळ ओढत, आणि मागे आमची झाडलोट करणारी बाई त्यांची पिशवी घेऊन. आजींच्या चपलेचा पट्टा तुटला होता.

झालं होतं ते एवढंच, की आजोबा स्वच्छतागृहात गेले आणि आजी बाहेर उभ्या राहिल्या. त्या जागेला दुसऱ्या बाजूनेही दार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पंधरा मिनिटं त्या तिथून हलल्या नाहीत. मग एका माणसाला आत बघायला पाठवलं, तर आत कुणीच नाही. आजोबा हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, कुठल्या तरी भलत्याच विमानाच्या रांगेत पास हातात धरून उभे होते आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला आधी जाऊ देत होते. झाडणाऱ्या बाईच्या ते ध्यानात आलं.

"नावं ऐकू येत होती," आजी म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "पण यांना टाकून कशी येऊ?"

मी त्यांना सांगितलं, की दार लागलं. त्यांनी काचेतून बाहेर बघितलं. विमान जागेवरच होतं. बॅग सापडेपर्यंत ते हलणार नव्हतं.

"अहो, ते तर इथंच उभं आहे," त्या म्हणाल्या.

हो, मी म्हटलं. मी त्यांना समजावून सांगू लागले. जागा दुसऱ्यांना दिल्या, कागद गेले, विमानाचं दार एकदा लागलं की माझ्या हातात काही राहत नाही. सगळं खरं होतं, आणि बोलताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं. त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. काचेला हात टेकवून उभ्या राहिल्या. त्यांच्यामुळेच अडलेलं ते विमान त्यांच्या डोळ्यांदेखत आठ मिनिटं तिथं उभं होतं. खाली पिवळ्या जॅकेटातल्या माणसाने त्यांची तपकिरी बॅग काढून गाडीवर ठेवली, ती त्यांनी ओळखली. मग विमान मागे सरकायला लागलं.

पुढचा तासभर मी जे जे सुचलं ते केलं. दुसऱ्या कंपन्यांना विचारलं. पुढचं विमान दुपारी तीनचं होतं, पोचायला पाच वाजले असते. रस्त्याने अकरा तास. मुलाला आणखी दोन तास मिळतात का म्हणून आजींनी त्याला फोन लावला. जहाजावरचे वरिष्ठ ऐकणार नाहीत, असं तो म्हणाला. तो बंदराच्या फाटकाबाहेर येऊन उभा होता, मागे ट्रकांचा आवाज होता. आई, असू दे, तू रडू नकोस, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि आजी मी कुठे रडतेय म्हणत होत्या.

मग त्यांनी फोन आजोबांच्या समोर धरला. पडद्यावर मुलाचा चेहरा आला आणि आजोबा एकदम ताठ बसले. ओळखलं. नावाने हाक मारली, वाळलास किती म्हणाले, दाढी काढ म्हणाले.

"आम्ही निघालोच आहोत," ते म्हणाले. "विमानातच बसायचंय आता. तू जागचा हलू नकोस. थांबशील ना?"

मुलाने एकदा मागे बंदराच्या फाटकाकडे बघितलं.

"थांबतो, बाबा. तुम्ही या सावकाश."

चिमणी तोंड फिरवून टेबलामागे गेली. मी तिथंच उभी राहिले, कारण दुसरं काय करावं ते कळेना.

त्यांची बॅग सामानवाल्यांच्या प्रमुखाने स्वतः हातात धरून आणून दिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की प्रवासी आले नाहीत अशी नोंद झाली की परतीची तिकिटंही आपोआप रद्द होतात. आता त्यांना परतीचं तिकीट लागणारच नव्हतं, तरी मला त्याचा संताप आला. साहेबांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी, वाईटही वाटलं त्यांना, पण नोंद बदलता येत नाही म्हणाले. अर्ज दिला तर थोडाफार कर परत मिळेल. मी अर्ज भरला, आजींनी सही केली. न येण्याचं कारण, या रकान्यात काय लिहू असं मी विचारलं. लिहा काहीही, आजी म्हणाल्या. ‘वेळेवर पोचले नाहीत’ असं मी लिहिलं. टॅक्सीपर्यंत सोडायला गेले तेव्हा आजोबांनी विचारलं, की मुलगा पुढे गेला का. आजी म्हणाल्या, हो.

जवळजवळ नऊ महिन्यांनी एका दुपारी एक सावळा, रुंद खांद्यांचा माणूस माझ्या टेबलापाशी आला. त्याला कुठं जायचं नव्हतं, आत्ताच उतरला होता. पहिला पगार झाल्यापासून आईबाबांना विमानात बसवायचं मनात होतं, असं म्हणाला, तेव्हा मी ओळखलं. मी माफी मागायला लागले तर त्याने हात वर केला. आईने तुमचं नेहमी चांगलंच सांगितलं, म्हणाला. तीन आठवडे घरी होता, मध्ये एक दिवस जहाजाच्या कंपनीत कागदपत्रांसाठी जाऊन आता परतला होता, परवा पुन्हा जहाज.

मी आजोबांची चौकशी केली.

"तब्येत उत्तम आहे," तो म्हणाला. "मी घरी आलो त्या दिवशी उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी आणायला सांगितलं. रोज माझ्याशी गप्पा मारतात. पण बाबा मला अहो-जाहो करतात, ताई."

तो हसायचा प्रयत्न करत होता. मी त्याला चहा घेता का विचारलं, तेवढ्यात माझ्या विमानाची रांग सोडायची वेळ झाली. काम करा तुम्ही, असं म्हणून तो बाजूला झाला. मी पास तपासायला लागले. शंभर-सव्वाशे माणसांनंतर वर बघितलं, तर तो काचेपाशी उभा होता. पुन्हा बघितलं तेव्हा गेला होता. त्या दिवशी सगळे आले, आणि दार मी वेळेवर लावलं.