सुरम्याच्या खलातलं हिरवं

मी खल. काळ्या दगडाचा, होडीसारखा लांबोळका. मिरी-वेलदोडा माझ्या पोटात कधी पडला नाही. मी सुरम्याचा.

जैबुन्निसादादी लग्न होऊन जुन्नरला आल्या, तेव्हा सासूने मला त्यांच्या हातात दिलं आणि एकच गोष्ट शिकवली. वाटलेला सुरमा चिमटीत चोळून बघायचा. कण लागला तर अजून वाटायचं. बोटाला लागतो तो डोळ्याला टोचतो. दादी जन्मभर तसंच वाटत आल्या. बेल्ह्याच्या बाजाराला त्यांच्या पुड्या जायच्या. घरातल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यात पहिला सुरमा माझ्यातलाच.

मग जास्मिन जन्मली, दादींची पणती. डॉक्टर म्हणाले, बाळाच्या डोळ्यात काहीएक घालायचं नाही. नातसुनेने, शिफाने, ते मान खाली घालून दादींना सांगितलं. दादींनी लगेच मला धुतलं, फडक्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलं. आईच्या जिवाला घोर असतो, ते मला कळतं. पण पेटीत दिवस जाता जात नाहीत हो.

वर्षाने पेटी उघडली ती शिफानेच. शिफा चित्रं काढते. लग्नाआधी पुण्यात एका बाईंकडे ती जपानी रीत शिकली. रंगीत दगड कुटायचा, भुकटी सरसाच्या चिकट पाण्यात बोटाने कालवायची आणि कागदावर थरावर थर द्यायचे. तिच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन आठ दिवसांवर आलं होतं, इथंच, एका शाळेच्या हॉलात. मोठं चित्र तेवढं राहिलेलं. जवळच्या मढ गावाकडचा डोंगर आणि पुढ्यात हिरड्याचं झाड. त्यासाठी तिने लांबून एक हिरवा दगड मागवला होता. एकच, लिंबाएवढा.

तोंडाला फडकं बांधून तिने तो माझ्यात जाडसर भरडला. झाड रंगवून झालं, डोंगराचं हिरवं माझ्यात राहिलं, आणि जास्मिन तापाने फणफणली. शिफा तिला घेऊन दवाखान्यात धावली.

दादींना वाटलं, पोरीचं काम अडलं. नाकाला पदर लावून त्या मला घेऊन बसल्या. वर्षाने तो हात माझ्यावर फिरत होता, मीही हरखलो. दुपारभर वाटलं. चिमटीत चोळून बघितलं. सुरम्यासारखं मऊ.

शिफा आली आणि उंबऱ्यातच थबकली. या दगडाचं उलटं असतं. कण मोठा, तर रंग गर्द. जितकं वाटाल तितका तो फिका पडत जातो. माझ्या पोटात आता पिस्त्यासारखी फिकट पूड होती.

"दादी, रंग उडत चाललेला दिसला नाही का तुम्हाला?"

"मी बोटानं बघत व्हते," दादी म्हणाल्या. "डोळ्याचं कवाच गेलंय गं. तू लेकरात गुतलेली, म्हून बोलले न्हाई."

शिफा दादींच्या शेजारी बसली आणि तिने त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. लेकीच्या डोळ्यांना इतकी जपणारी ती, पण दादींच्या डोळ्यांचं तिला कळलंच नव्हतं. त्या दिवशी रंगाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

दुसरा दगड यायला वेळ नव्हता. सगळा डोंगर तिने त्या फिक्या पुडीनेच रंगवला.

प्रदर्शनात मलाही टेबलावर मांडलं. चित्राखाली पाटी होती, हात लावू नये. अवसरीहून आलेले संपतभाऊ बराच वेळ बघत उभे राहिले. म्हणाले, "झाड झ्याक. पण डोंगर उन्हात इटलेल्या लुगड्यावानी झालाय. पेंटचा डबा आणायचा की राव." शिफा हसली, पण तिचा चेहरा उतरला.

मग तिने दादींना चित्राजवळ आणलं. काय काढलंय, दादींनी विचारलं. शिफाने इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांचा हात धरून चित्रावर टेकवला.

बोट आधी झाडावर फिरलं. "खरखरीत लागतंय. हे तुझं." मग सरकत डोंगरावर गेलं आणि थांबलं. पुन्हा फिरलं. "हे मी वाटलेलं," दादी हळूच म्हणाल्या. "लांबचं हाय ना? लांबचं असंच असतंय, मऊ."

बोटाला थोडी पूड लागली होती. जुन्या सवयीने ते बोट डोळ्याकडे निघालं. शिफाने हात घट्ट धरला.

"दादी, हा सुरमा नाही." जास्मिनचा हात पुसावा तसं तिने ते बोट ओढणीने पुसलं, नखसुद्धा. "सोमवारी तुमचे डोळे दाखवायला जायचंय."

"आन् डोळं उघडल्यावर तुझं चित्र नाय आवडलं तर?"

"तर संपतभाऊंच्या शेजारी उभं राहून नावं ठेवा."

दादी पदर तोंडाला लावून हसल्या.

माझ्या पोटात आता हिरवं मुरलंय, धुऊन जात नाही. सुरमा माझ्यात पुन्हा व्हायचा नाही, होऊही नये. घरच्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. दुसरा दगड येईल तेव्हा मला दादींच्याच हाती द्या. त्या वाटतच राहतील, त्यांचा हात थांबायचा नाही. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि वेळेवर म्हणा, बास, दादी.