जानू पेंटरचा खाका

सव्वीस जुलैच्या पुरात टेमघरच्या विहारात पाणी शिरलं, भिंतीचा गिलावा पडला आणि त्याच्याबरोबर जानू पेंटरनं रंगवलेले बाबासाहेबही गेले. आता पाणी काय विचारून येतं? जानू तर त्याआधीच वारलेला. बकुळाला मात्र नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं, आणि ती तसं चारचौघांत बोलायचीही.

पुढच्या वर्षी जयंती तोंडावर आली. तिचा मुलगा सुमित फ्लेक्स छापायचा. तो म्हणाला, नव्या भिंतीवर मोठा फ्लेक्स लावू, एका दिवसाचं काम. बकुळाचं डोकंच फिरलं. बापानं याच्या हातात ब्रश दिला, हात धरून शिकवलं, आणि हा निघाला प्लॅस्टिक ठोकायला!

तिनं माळा उपसला. पत्र्याच्या पेटीत तळाशी जानूच्या त्या चित्राचा कागद सापडला. सुमितनं उजेडात धरला आणि वाळवीनं पार चाळण केलीय म्हणून बाजूला ठेवला.

"वाळवी चष्म्याच्या कडेकडेनं फिरत न्हाय," बकुळा म्हणाली. "ती भोकं मी पाडलीत, सुईनं."

खरंच होतं ते. जानू आधी कागदावर चित्र काढायचा. बकुळा रेघेरेघेवर सुई टोचायची. मग कागद भिंतीला लावून वरून कोळशाची पूड थापटली, की भिंतीवर ठिपक्याठिपक्यांनी चेहरा उतरायचा. रांगोळीच्या कागदाचीच गत.

सकाळी ती विहारात स्टुलावर चढली. सुमितनं तोंड वाकडं करून कागद धरला. तिनं फडक्यात पूड बांधून भराभर थापटली. कागद निघाला, तर खाली कपाळ, चष्मा, कोट. बकुळाला रडूच फुटलं.

सुमित मात्र मागं सरकून बघत राहिला.

"आये, कागद पालथा लागलाय. बाबांनी बाबासाहेबांची नजर बुद्धमूर्तीकडं ठेवली होती. हे दाराकडं बघतायत. पेनाचा खिसापण उलटीकडं गेला."

घाईत अक्कल गेली होती चरायला. पण बकुळाला स्वतःचा राग येईना. फ्लेक्स फ्लेक्स करणाऱ्या पोराला बापाचं चित्र खिशापर्यंत पाठ होतं.

सुमितनं भिंत पुसली, कागद सुलटा केला आणि पुरचुंडी तिच्या हातून काढून घेतली. "तू उतर, पडशील. नुसता कागद धर." ठिपके नीट उतरले, तसा त्यानं दुकानात फोन लावून फ्लेक्स थांबवायला सांगितला. मग जरा घुटमळत विचारलं, बाबांचे ब्रश तू भंगारात तर घातले नाहीस ना?

"कालपासून रॉकेलात भिजत घातलेत," बकुळा म्हणाली.